सावकाश होऊ द्या : लंपनचे जग आणि इंदिराबाईंची कविता

पंगतीत भात वाढून होतो, वरणावर तूप पडते, आणि यजमान हात जोडून पानांच्या रांगेवरून फिरत म्हणतो, "सावकाश होऊ द्या." जेवणाऱ्याच्या पोटाची काळजी त्यात आहेच, पण त्याहून थोडे अधिकही आहे. समोरचे पान हे उरकायचे काम नव्हे, त्याच्याजवळ जरा बसायचे आहे, असे तो सुचवीत असतो. शब्दही किती नेमका! स-अवकाश, म्हणजे अवकाशासह. मराठीत याच्या शेजारीच 'सवड' हा दुसरा शब्द नांदतो आणि बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतो. पण ते दोन्ही एक नव्हेत. सवड बाहेरून मिळते. कचेरीला सुटी पडली, मुले आजोळी गेली, पावसाने झड धरली, की सवड होते. सावकाशी मात्र हातातल्या कामातच असावी लागते. सवड नसलेला माणूस चार घास सावकाश खाऊ शकतो आणि दिवसभराची सवड असलेला माणूस बकाबका जेवून उठू शकतो.

हा फरक येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 'धावपळीतून थोडे थांबा, लहानसहान क्षणांचा आनंद घ्या' हा उपदेश आज जिकडेतिकडे ऐकू येतो. पुस्तकांतून येतो, व्याख्यानांतून येतो, सकाळी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सुविचारांतून तर रोजच येतो. तो खोटा आहे असे कोण म्हणेल? पण त्यात सावकाशी आणि सवड यांची गल्लत झालेली असते. थांबायचे म्हणजे काम सोडायचे, गाव सोडायचे, चार दिवस कोठे तरी जाऊन चहाच्या पेल्याकडे बघत बसायचे, असा त्याचा अर्थ होतो. मग ज्याला बस गाठायची आहे, ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ज्याचे दुकान उघडले नाही तर चूल पेटणार नाही, तो या उपदेशाकडे हसून पाहतो. त्याचे हसणे रास्तच असते.

साहित्य असा उपदेश करीत नाही. ते रोजच्या जगण्यातली एखादी साधी वस्तू उचलून आपल्या हातात ठेवते आणि ती किती जड आहे हे आपल्याला कळेपर्यंत हात काढून घेऊ देत नाही. याची उदाहरणे शोधायला आपल्याला दूर जायचे कारण नाही. आपल्या बेळगावच्याच एका घरातल्या दोन लेखकांनी, आई आणि मुलगा यांनी, हे काम आयुष्यभर केले आहे. इंदिरा संत आणि प्रकाश नारायण संत.

प्रकाश संत (१९३७-२००३) व्यवसायाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, नोकरी कऱ्हाडला. साठीच्या दशकात 'सत्यकथे'तून त्यांच्या कथा वाचकांसमोर आल्या आणि त्यानंतर हा लेखक दीर्घ काळ जवळजवळ गप्प राहिला. मग १९९४ मध्ये 'वनवास', १९९७ मध्ये 'शारदा संगीत', २००१ मध्ये 'पंखा' आणि पुढे 'झुंबर' अशी चार पुस्तके आली. चारही पुस्तकांचा नायक एकच, लंपन नावाचा शाळकरी मुलगा. आईवडिलांना सोडून तो आजी-आजोबांकडे राहायला येतो आणि तेथेच वाढतो. शाळा, शेजारची सुमी, कणबर्गी गंग्यासारखे सोबती, आजीचा धाक आणि आजीचीच माया, आजोबांचा शांत आधार, एवढ्यात हे जग संपते. कथानक म्हणून सांगू गेले तर चार ओळींत आटोपेल असे काही तरी हाती लागते. आणि तरीही कथा संपली की एक अख्खा पावसाळा किंवा एक अख्खी सुटी आपण राहून आलो, असा प्रत्यय येतो.

हे कशामुळे घडते? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: या कथांत जुने, संथ, निवांत गाव आहे, त्या काळी माणसांना घाई नव्हती, ते सारे गेले म्हणून आपल्याला हुरहुर लागते. थोडक्यात, स्मरणरंजन. मला हे उत्तर पटत नाही. गाव संथ होते म्हणून कथा संथ झाली असे असते तर त्या काळावर लिहिलेली प्रत्येक आठवण वाचनीय झाली असती. तशी ती झालेली नाही, हे दिवाळी अंकांचा कोणताही जुना वाचक सांगेल. शिवाय लंपन स्वतः मुळीच संथ नाही. तो पळतो, धडपडतो, एका विचारावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, त्याला सगळे काही 'मॅडसारखे' होत असते. संथपणा त्याच्या पायांत नाही, तो लेखकाच्या वाक्यात आहे. मुलगा धावत जातो आणि वाक्य मात्र त्याच्या मागून प्रत्येक पायरी मोजत येते. या दोन गतींच्या ओढाताणीत या गद्याचे सारे चैतन्य आहे.

मग हे वाक्य असे का थांबते? पहिल्या पुस्तकाचे नावच त्याचे उत्तर देते. हा वनवास आहे. आजी-आजोबांचे प्रेम कितीही असले तरी मुलगा आईपासून तुटून आलेला आहे, आणि हे तुटलेपण तो कधी नीट बोलूनही दाखवत नाही. ज्या घरात आपण जन्मलो त्याचे दार कसे करकरते हे आपल्याला ठाऊक नसते. ज्या घरात आपल्याला आणून सोडले जाते तेथले करकरणे मात्र आपण पहिल्या रात्री ऐकतो आणि पुढे विसरत नाही. लंपन आजूबाजूचे एवढे बारकाईने पाहतो ते करमणूक म्हणून नव्हे. त्याला हे घर, हा रस्ता, ही माणसे नव्याने आपली करून घ्यायची आहेत. वास, आवाज, कपड्याचा स्पर्श, संध्याकाळचा उजेड, हे त्याचे सौंदर्यासक्तीचे विषय नाहीत. ते त्याचे धरायचे खांब आहेत. रोजच्या क्षणाकडे माणूस सावकाश पाहतो तेव्हा त्याच्या मागे पुष्कळदा अशी एखादी धास्ती असते. उपदेशाच्या पुस्तकांत ती कधीच सापडत नाही, म्हणून ती पुस्तके गोड असूनही पोकळ वाटतात. संतांची कथा गोड असूनही बोचते.

'शारदा संगीत'मध्ये हाच विषय आणखी एका बाजूने येतो. लहान गावातला गाण्याचा वर्ग आणि तेथले म्हापसेकर सर. आडनावाला गोव्याचा वारा लागलेला असा संगीत शिकवणारा मास्तर आपल्या भागातल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संगीत ही मुळात सवडीची नव्हे, सावकाशीची विद्या. सूर लागेपर्यंत थांबायचे आणि लागला की त्याच्यापाशी पुन्हा थांबायचे. हार्मोनियमची पट्टी दाबली की आवाज येतो, सूर येत नाही, हे मुलाच्या ध्यानात येणे म्हणजेच त्याचे मोठे होणे. लेखकाच्या बोलण्यात कोठेही सिद्धान्ताचा सूर नाही. परंतु कला आणि लक्ष देणे या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत, हे या वर्गातून जितके कळते तितके समीक्षेच्या ग्रंथांतून कळत नाही.

आता उणिवांकडेही पाहायला हवे. नाही तर हे आरतीचे ताट होईल. चारही पुस्तके एकामागोमाग वाचली तर लंपनच्या बोलण्याच्या लकबी ओळखीच्या होतात आणि पुढे पुढे त्यांचा आधीच अंदाज येऊ लागतो. भोवतालची मोठी माणसे बहुतांशी प्रेमळ निघतात. क्षुद्रपणा, स्वार्थ, खरीखुरी दुष्टाई या अंगणात फारशी शिरत नाही. कधी कधी मुलाच्या डोळ्यांआडून प्रौढ लेखकाची नजर डोकावते आणि निरागसता थोडी सजवलेली वाटते. यांतला पहिला दोष काही अंशी वाचण्याच्या रीतीचा आहे. ही चार जाडजूड भागांची कादंबरी नव्हे. एक कथा वाचावी, पुस्तक मिटून ठेवावे, चार दिवसांनी दुसरी घ्यावी. एका बैठकीत संपवलेला लंपन अर्धा हरवतो. बाकीचे दोष मात्र लेखकाचेच आहेत आणि ते मान्य करूनही या कथा उभ्या राहतात.

याहून कठीण आक्षेप वेगळाच आहे. कोणी विचारील, हे निवांतपण कोणाचे? पुस्तके असलेले घर, शिकलेले आजोबा, वेळेवर पानावर येणारे जेवण. त्याच गावात त्याच वयाचा एखादा मुलगा त्याच वेळी गुरांमागे असेल, नाही तर हॉटेलात कप विसळत असेल. त्याला आभाळाचे रंग पाहायला कोण थांबू देतो? प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. लंपनच्या घरातही संध्याकाळ निवांत होते ती कोणाच्या तरी हातांमुळे. ते हात आजीचे आहेत. ती थांबली तर घर थांबेल. म्हणून क्षणाक्षणाचे सुख हे नेहमी दुसऱ्याच्या श्रमावर उभे असते का, असा संशय मनात येतो. त्याचे उत्तर लंपनच्या कथांत पुरते मिळत नाही. त्यासाठी इंदिराबाईंच्या कवितेकडे जावे लागते.

इंदिराबाई (१९१४-२०००) आणि ना. मा. संत यांचा 'सहवास' हा जोडीचा संग्रह १९४० चा. १९४६ मध्ये पती गेले. बाईंचे वय ३२, पदरी ३ मुले. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजातली नोकरी, घर आणि मुलांचे शिक्षण हे सारे एकटीने पेलणाऱ्या या बाईला सवड कोठली? पण याच काळात 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) हे संग्रह आले. मग 'रंगबावरी' (१९६४), 'बाहुल्या' (१९७२) आणि 'गर्भरेशीम' (१९८२). या शेवटच्या संग्रहाला १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३१ वर्षांत ६ संग्रह आणि त्यांतल्या बहुतेक कविता लहान. ज्या बाईचा दिवस कामाने खचाखच भरलेला आहे तिची ही कविता आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी. मग तिच्यातला संथपणा हा आरामाचा संथपणा नाही हे लगेच कळते.

'नको नको रे पावसा' ही कविता आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. पावसाच्या कवितेत एरवी मोर, मेघ आणि विरहिणी यांची गर्दी. येथे मात्र गळके कौलारू घर आहे आणि गळतीखाली मांडायला इतकी भांडी आणायची कोठून, हा प्रश्न आहे. दारातल्या वेलीची काळजी आहे. बाई पावसाला दटावते, विनवते, त्याच्याशी घरच्या द्वाड मुलासारखी बोलते. आणि शेवटी हळूच खरी मागणी पुढे येते: वाटेवरचा माणूस सुखरूप घरी आण, मग हवा तेवढा दंगा कर. या कवितेत सगळा जीव भांड्यांच्या त्या यादीत आहे. बाई भांडी मोजते म्हणून तिची वाट पाहणे खरे वाटते. घरकामातून बाजूला होऊन ती भावनेकडे गेलेली नाही. भावना घरकामातूनच पाझरली आहे, कौलांतून पाणी पाझरावे तशी.

'कुब्जा' या कवितेत तर हेच थेट वर्मावर बोट ठेवून सांगितले आहे. पहाटेची वेळ, राधा झोपलेली, गोकुळ झोपलेले, आणि बासरी ऐकायला जागी कोण, तर कुब्जा. जिचे रूप नाही, जिला मान नाही, गोपींच्या मेळ्यात जिला जागा नाही, ती. कृष्णाचा सारा अधिकार जिच्याकडे असल्याचे जग मानते तिला हा क्षण मिळाला नाही. तो मिळाला जागी असलेल्या बाईला. 'हे निवांतपण कोणाचे' या मघाच्या प्रश्नाला इंदिराबाईंनी दिलेले हे उत्तर आहे असे मी समजतो. क्षण हा मालकीचा नसतो. तो सधनाचा नाही आणि सवड असलेल्याचाही नाही. पण म्हणून तो फुकट मिळतो असेही नाही. झोप मोडून, कष्टाच्या दिवसातला एक तुकडा बाजूला काढून त्याची किंमत द्यावी लागते.

इंदिराबाईंनी 'मालनगाथा' हा ओव्यांचा संग्रह सिद्ध केला तो काही केवळ हौसेपोटी नसावा. त्यांच्या कवितेचे गोत तेथे आहे. पहाटे अंधारात उठून बाई जात्यावर बसते. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने वैरण घालायची, आणि त्या फेऱ्यांच्या लयीत ओवी येते. तिच्यात भाऊ येतो, माहेरची वाट येते, पंढरीचा विठ्ठल येतो, दारची तुळस येते, सासू येते. दळण थांबवून ओवी सुचलेली नाही. दळण थांबले असते तर ओवीही थांबली असती. सावकाशी आणि सवड यांतला फरक याहून स्पष्ट कोठे दिसेल? मात्र येथे एक खबरदारी घ्यायला हवी. ओवी सुंदर म्हणून जाते सुंदर, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी पायली दळली नाही त्याला नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले, आणि ते उतरले हे चांगलेच झाले. ओवी गेली याचे दुःख करावे, पण जाते परत यावे असे कोणी म्हणू नये. आपल्याला जपायची आहे ती त्या बाईची नजर. भाकरीच्या पिठाइतकी रोजची गोष्ट तिला भावाची आठवण देऊ शकत होती, हे तिचे सामर्थ्य होते; जात्याचे नव्हे.

या साऱ्याचा आपल्या वाचनाशी काय संबंध? मला वाटते, आपल्या भागातल्या मराठी वाचकाशी तर फारच जवळचा आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपासून येथल्या मराठी माणसाला स्वतःच्या भाषेचे अस्तित्व सतत सिद्ध करावे लागले. त्यामुळे साहित्याकडेही पुरावा म्हणून पाहण्याची सवय लागली. बेळगावचा लेखक, बेळगावची कथा, पाहा ही मराठी. एवढे म्हटले की पुस्तक कपाटात. हेही घाईचेच वाचन. जी माणसे पुस्तक उघडतात तीसुद्धा निकाल हाती घेऊनच उघडतात. लंपनच्या कथा सावकाश वाचल्या तर त्यांत पुराव्यापेक्षा मोठे काही तरी सापडते. तेथे कानडीच्या शेजाराने वळलेली मराठी आहे, गावाच्या नावाने ओळखला जाणारा कणबर्गीचा गंग्या आहे, गोव्याच्या वाटेवरून आलेले सर आहेत. तेथे एक शेजार आहे. शेजार कोणत्याही दाव्याच्या एका बाजूला नीट बसत नाही आणि म्हणून तो घाईत दिसत नाही. आपली भाषा या मातीत कशी रुजली, कोणाकोणाच्या सावलीत वाढली, हे ज्याला कळून घ्यायचे आहे त्याने या कथांतले एकेक वाक्य ऐकले पाहिजे. भाषेवरचे प्रेम त्याने उणे होत नाही. उलट त्या प्रेमाला तपशील मिळतो. तपशील नसलेले प्रेम घोषणेपलीकडे जात नाही.

२०२४ मध्ये लंपनवर पडद्यासाठी मालिका आली आणि ज्या मुलांनी ही पुस्तके पाहिलीही नव्हती त्यांच्यापर्यंत हे नाव पोचले, याचा आनंदच मानायला हवा. पण पडद्यावरचे दृश्य हवे तर दीडपट वेगाने पळवता येते, अशी सोय आता हाताशी असते, आणि ती वापरणारे पुष्कळ आहेत. गद्य तसे पळवता येत नाही. पळवले तर त्यातून गोष्ट तेवढी हाती येते आणि लंपनच्या बाबतीत गोष्ट फारशी नाहीच. जे आहे ते दोन वाक्यांच्या मधे आहे.

म्हणून या दोघा मायलेकांचे साहित्य पुढच्या पिढीच्या हाती देताना एक साधी रीत सुचवावीशी वाटते. घरात मूल असेल तर त्याला लंपनची एखादी कथा मोठ्याने वाचून दाखवावी. मोठ्याने वाचताना डोळ्यांना ओळी गाळता येत नाहीत आणि जिभेला आपोआप प्रत्येक शब्दापाशी जावे लागते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एखादी ओवी मिळाली तर ती लिहून ठेवावी आणि ती कोणते काम करताना म्हणत असत हेही शेजारी लिहावे. यासाठी सुटी काढावी लागत नाही. भाजी निवडता निवडता हे करता येते. वाचून झाल्यावर मूल कदाचित म्हणेल की या गोष्टीत काही घडतच नाही. त्याला लगेच समजावू नये. पुढच्या आठवड्यात दुसरी कथा वाचावी. एखाद्या दिवशी ते शाळेतून येईल आणि वाटेवर पाहिलेले अगदी क्षुल्लक असे काही तरी पाच मिनिटे सांगत बसेल. तेव्हा हातातले काम चालू ठेवावे, पण त्याचे सांगणे पुरते ऐकून घ्यावे.